यंत्राला आज्ञा देण्याची विद्या

पेढींत पैसे भरणारा ग्राहक किंवा आगगाडीचें तिकीट काढणारा प्रवासी संगणकाकडे पाहतो, तेव्हां त्याला चित्रें दिसतात, रंगीत चौकटी दिसतात आणि बोटानें दाबावयाच्या खुणा दिसतात. परंतु ज्या यंत्रांच्या जोरावर हा सारा व्यवहार चालतो त्यांची देखरेख करणारा मनुष्य बहुधा निराळेंच कांहीं करीत असतो. त्याच्या समोर काळा पडदा असतो, पडद्यावर एक लहानशी लुकलुकणारी खूण असते आणि तेथें तो एक ओळ लिहितो. ओळ पुरी झाली कीं यंत्र तेवढें काम करतें आणि पुढच्या ओळीची वाट पाहत राहतें. या रीतीस 'कमांड लाइन' म्हणजे आज्ञेची ओळ असें म्हणतात. घरोघरच्या संगणकांवर चित्रांची सोय होऊन चाळीस वर्षें लोटलीं, तरी ही जुनी रीत मागें पडली नाहीं. ती कां टिकली, हें तिचा इतिहास पाहिल्यावांचून उमगत नाहीं. शिवाय या इतिहासाची एक मौज अशी कीं, ही विद्या ज्या क्रमानें जगांत घडत गेली, त्याच क्रमानें नवशिक्यानें ती शिकावी हें त्याला सर्वांत सोपें पडतें.

इ. स. १९६० च्या सुमारास संगणकाशीं कोणाचें प्रत्यक्ष संभाषण सहसा होतच नसे. आपलें काम भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर उतरवावयाचें, त्या पत्त्यांची चवड खिडकीवर द्यावयाची आणि कांहीं तासांनीं, कधीं दुसऱ्या दिवशीं, उत्तराचा कागद आणावयास जावयाचें, असा शिरस्ता होता. एखादा स्वल्पविराम चुकला असला, तर तेवढेंच वाचून परत फिरावें लागे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनीं नोव्हेंबर १९६१ मध्यें 'सी. टी. एस्. एस्.' नांवाची योजना करून दाखविली. एकाच यंत्राचा वेळ क्षणाक्षणानें अनेकांत वांटून द्यावयाचा, म्हणजे यंत्र आपल्याच सेवेस उभें आहे असें प्रत्येकास वाटतें, ही त्यांतील युक्ति होती. मनुष्यानें एक ओळ लिहावी आणि यंत्रानें लगेच उत्तर द्यावें, असा संवाद तिच्यामुळें शक्य झाला.

त्या संस्थेंत लुई पूझां नांवाचे एक फ्रेंच गृहस्थ काम करीत होते. या योजनेसाठीं डझनावारी आज्ञा रचून झाल्यावर त्यांच्या मनांत असें आलें कीं, आज्ञा या विटांसारख्या असाव्या; एकीवर दुसरी रचून नवी आज्ञा बांधतां यावी. १९६३-६४ च्या सुमारास त्यांनीं 'रनकॉम' नांवाचा प्रोग्रॅम लिहिला. आज्ञांची यादी एका फाइलींत लिहून ठेवावयाची. तें नांव घेतलें कीं यादींतील आज्ञा एकामागून एक पार पडत. मनुष्याची ओळ वाचून ती यंत्राच्या अंतरंगांत पोंचविणाऱ्या भागास 'शेल', म्हणजे कवच किंवा शिंपला, हें नांवही पूझां यांनींच दिलें. आज ज्यांच्या नांवाच्या शेवटीं 'आर्-सी' हीं अक्षरें असतात अशा फाइली अनेक यंत्रांत आढळतात. तीं अक्षरें 'रनकॉम'चीच आठवण होत.

पुढें हीच संस्था, जनरल इलेक्ट्रिक कंपनी आणि बेल लॅबोरेटरीज यांनीं मिळून 'मल्टिक्स' नांवाची फार मोठी योजना हातीं घेतली. तिचा पसारा इतका वाढला कीं, १९६९ सालीं बेल लॅबोरेटरीजनें तींतून अंग काढून घेतलें. त्या योजनेवर खपलेल्या केन टॉम्सन आणि डेनिस रिची या तरुणांच्या हातचें काम त्यामुळें गेलें. न्यू जर्सी प्रांतांतील मरे हिल येथील प्रयोगशाळेंत त्यांना 'पी. डी. पी.-७' नांवाचें, फारसें कोणी न वापरीत असलेलें यंत्र मिळालें. त्याची स्मृति अवघी ८,१९२ शब्दांची होती. त्या वर्षाच्या उन्हाळ्यांत टॉम्सन यांची पत्नी तान्ह्या मुलासह तीन आठवड्यांसाठीं कॅलिफोर्नियास गेली असतां टॉम्सन यांनीं एका नव्या व्यवस्थेचा पाया घातला. तीच पुढें 'युनिक्स' या नांवानें जगभर गाजली.

युनिक्सच्या आज्ञा इतक्या आखूड कां, असा प्रश्न आजही प्रत्येक नवशिक्यास पडतो. याचें एक कारण त्या काळच्या साधनांत आहे. यंत्राशीं बोलण्यासाठीं 'टेलिटाइप' नांवाचें खडखडणारें टंकयंत्र असे. त्याच्या कळा जड असत, आणि '३३ क्रमांकाचा' टेलिटाइप सेकंदास फक्त १० अक्षरें छापी. अशा स्थितींत प्रत्येक अक्षर वाचविणें हा शहाणपणा होता. म्हणून यादी पाहण्यास 'एल्-एस्', नक्कल करण्यास 'सी-पी', हलविण्यास 'एम्-व्ही' आणि पुसून टाकण्यास 'आर्-एम्' अशीं दोन दोन अक्षरांचीं नांवें पडलीं. काम नीट झालें तर बहुतेक आज्ञा कांहींच बोलत नाहींत. तो मितभाषीपणाही त्याच काळास साजेसा होता. कागद आणि वेळ दोन्ही वाचत, आणि बोलणें केवळ चुकीसाठीं राखून ठेवलें जाई.

येथें शिकणाराची पहिली पायरी येते. जुन्या वाड्यांत नवखा मनुष्य शिरला म्हणजे आपण कोणत्या चौकांत उभे आहों, येथें काय काय आहे, आणि पलीकडच्या खोलींत कसें जावें, एवढेंच त्यानें आधीं पाहावें लागतें. संगणकांतील फाइलींची रचनाही अशीच चौकांत चौक असलेली असते. 'पी-डब्ल्यू-डी' या आज्ञेनें आपली जागा कळते, 'एल्-एस्'नें तेथील वस्तु दिसतात आणि 'सी-डी'नें दुसरीकडे जातां येतें. या तीन आज्ञा हाताच्या झाल्या कीं भीति निम्मी होते. चौथी आज्ञा 'मॅन' ही होय. ती मागितलेल्या आज्ञेची माहिती वाचावयास देते. युनिक्सच्या माहितीपुस्तकाची पहिली आवृत्ति ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. तेव्हांपासून, यंत्राबद्दलची शंका यंत्रालाच विचारावी, ही शिस्त या विद्येंत रुजली. जो विद्यार्थी पाठांतर न करतां 'मॅन' वाचावयास शिकतो, तो शिक्षकावांचून पुढें जाऊं शकतो.

दुसरी पायरी जोडण्याची. बेल लॅबोरेटरीजमध्यें डग्लस मॅकिलरॉय हे एका विभागाचे प्रमुख होते. बागेंतील रबरी नळीला जसा नळीचा दुसरा तुकडा जोडतां येतो, तसे प्रोग्रॅम एकमेकांस जोडतां आले पाहिजेत, असें त्यांनीं ११ ऑक्टोबर १९६४ च्या एका टिपणांत लिहून ठेवलें होतें. तेव्हां युनिक्सचा जन्मही झाला नव्हता. पुढें आठ वर्षें ते ही गोष्ट सहकाऱ्यांस पुनःपुन्हां सांगत राहिले. अखेर १९७३ च्या आरंभीं टॉम्सन यांनीं एका रात्रींत ती सोय युनिक्समध्यें घातली. तिचें नांव 'पाइप' असें पडलें आणि लवकरच तिच्यासाठीं उभी रेघ ही खूण ठरली. डावीकडच्या आज्ञेंतून जें निघेल तें उजवीकडच्या आज्ञेच्या पदरीं पडावें, एवढाच त्या रेघेचा अर्थ.

दळणाचें उदाहरण घेतलें म्हणजे हें चटकन ध्यानांत येईल. धान्य सुपांत पाखडलें जातें, मग चाळणींत चाळलें जातें, मग जात्यांत दळलें जातें. सुपाला जात्याची माहिती नसते आणि जात्याला सुपाची नसते; प्रत्येकानें आपलें एकच काम चोख करावें आणि माल पुढें सरकवावा. युनिक्समधील आज्ञा अशा सुपाचाळण्यांसारख्या आहेत. 'सॉर्ट' ओळी क्रमानें लावते, 'युनिक' शेजारच्या सारख्या ओळी एक करते, 'ग्रेप' हव्या त्या ओळी निवडते. एकेकटीचें काम किरकोळ वाटतें, पण चार जणी जोडल्या म्हणजे त्यांतून असें काम होतें कीं ज्यासाठीं कोणी मुद्दाम प्रोग्रॅम लिहिलेला नसतो.

या जोडणीचें सामर्थ्य १९८६ सालीं एका संगणकविषयक मासिकांतील प्रसंगानें ठळकपणें दिसलें. जॉन बेंट्ली यांनीं आपल्या सदरांत एक कोडें ठेवलें होतें: दिलेल्या मजकुरांत सर्वांत अधिक वेळां आलेले शब्द, त्यांच्या संख्येसह, उतरत्या क्रमानें छापावे. थोर संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड नूथ यांनीं त्याचें उत्तर म्हणून अनेक पानांचा, टीपांसह वाचनीय असा प्रोग्रॅम लिहिला. परीक्षण करण्याचें काम मॅकिलरॉय यांच्याकडे आलें. त्यांनीं नूथ यांच्या कौशल्याचें कौतुक केलें आणि मग तेंच काम करणाऱ्या सहा आज्ञा एकापुढें एक जोडून दाखविल्या. पहिलीनें प्रत्येक शब्द स्वतंत्र ओळीवर आणावा, दुसरीनें मोठीं अक्षरें लहान करावीं, तिसरीनें ओळी क्रमानें लावाव्या, चौथीनें सारख्या ओळी मोजाव्या, पांचवीनें संख्येच्या उतरत्या क्रमानें लावाव्या आणि सहावीनें हव्या तेवढ्या ओळी ठेवून थांबावें. न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, नूथ यांना प्रोग्रॅम वाचनीय कसा लिहावा तें दाखविण्यासच पाचारण केलें होतें, आणि मॅकिलरॉय यांच्या सहा आज्ञांमागें दुसऱ्यांनीं आधीं केलेले श्रम होते. पण मुद्दा तोच होता. पूर्वींच्यांचे श्रम हाताशीं असतील, तर ते पुन्हां उपसण्याचें कारण नाहीं.

तिसरी पायरी लिहून ठेवण्याची. साधलेली ओळ उद्यां पुन्हां लागणार असेल, तर ती फाइलींत उतरवावी. यालाच 'स्क्रिप्ट' म्हणतात. पूझां यांची मूळ कल्पना हीच. परंतु तिला खऱ्या भाषेचें रूप आलें तें १९७९ सालीं, युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत स्टीफन बोर्न यांनीं लिहिलेल्या शेलमुळें. अट, फेरा, नांव दिलेलीं मूल्यें हीं सर्व अंगें त्यांत सुबकपणें बसविलेलीं होतीं. बोर्न यांचा 'अल्गोल ६८' या भाषेशीं निकटचा संबंध होता. म्हणून त्यांच्या शेलमध्यें 'इफ'नें सुरू झालेली अट 'फि'नें, म्हणजे तींच अक्षरें उलटीं लिहून, संपते. 'केस' संपते ती 'एसॅक'नें. याच न्यायानें 'डू' संपावयास 'ऑड' पाहिजे होता. परंतु 'ओ-डी' नांवाची एक आज्ञा युनिक्समध्यें आधींपासूनच नांदत होती, म्हणून बोर्न यांनीं 'डन' हा शब्द योजिला. हा वरकरणी विचित्र वाटणारा नियम ज्याला या कथेसह कळला, तो तो सहसा विसरत नाहीं.

स्क्रिप्ट लिहितांना नवशिक्यास आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट भेटते. प्रत्येक आज्ञा संपतांना यंत्राच्या कानांत एक संख्या सांगून जाते, आणि तेथें शून्य म्हणजे यश. कारण असें कीं, काम साधण्याचा प्रकार एकच असतो, बिघडण्याचे अनेक. म्हणून उरलेल्या संख्या निरनिराळ्या अपयशांना वांटून दिल्या आहेत. मागील आज्ञा यशस्वी झाली कीं नाहीं हें पाहूनच पुढचें पाऊल टाकणारी स्क्रिप्ट आणि आंधळेपणानें धांवणारी स्क्रिप्ट यांतच कच्चा आणि पक्का कारागीर यांचा भेद दिसून येतो.

हा भेद किती महाग पडूं शकतो, याचें उदाहरण १९९८ सालीं कॅलिफोर्नियांत घडलें. पिक्सार या चित्रपटसंस्थेंत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचें काम चाललें होतें. चित्रपटांतील पात्रें, त्यांच्या हालचाली, दृश्यें, सारें कांहीं संगणकांतील फाइलींत होतें. एके दिवशीं कोणीतरी पुसून टाकण्याची आज्ञा भलत्या जागीं दिली, आणि काम करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत फाइली नाहींशा होऊं लागल्या. यंत्र बंद करीपर्यंत सुमारें ९० टक्के चित्रपट गेला होता. राखून ठेवलेल्या प्रती काढून पाहिल्या, तों त्याही नीट उतरलेल्या नव्हत्या. सुदैवानें गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरूनच काम करीत होत्या, आणि त्यांच्या घरच्या यंत्रावर चित्रपटाची प्रत होती. तें यंत्र पांघरुणांत गुंडाळून मोटारींतून कचेरींत आणलें गेलें, आणि अनेकांचे श्रम वांचले.

कमांड लाइनचें यंत्र हें पक्कें सांगकाम्या आहे. सांगितलेलें तें अक्षरशः करतें. मनांत काय होतें हें तें विचारीत नाहीं. 'आर्-एम्'पुढें ताऱ्याची खूण लिहिली, तर ती खूण 'आर्-एम्'ला कधीं दिसतच नाहीं. शेल आधींच त्या खुणेच्या जागीं तेथील सर्व फाइलींचीं नांवें भरतो आणि तीं तिच्या हातीं देतो. म्हणून जाणते लोक पुसण्यापूर्वीं तीच खूण 'एल्-एस्'पुढें लिहून कोणकोणतीं नांवें येतात तें डोळ्यांनीं पाहतात. तसेंच एखाद्या फाइलीचें नांव 'जुने हिशेब' असें दोन शब्दांचें असेल आणि तें अवतरणचिन्हांत घातलें नसेल, तर यंत्र 'जुने' ही एक आणि 'हिशेब' ही दुसरी अशा दोन फाइली समजतें. त्या नांवाची दुसरी फाईल तेथें असली, तर तीच बिचारी पुसली जाते. राखीव प्रत ठेवावी, आणि ती परत उतरते कीं नाहीं हें संकट येण्यापूर्वींच पाहून ठेवावें, हा धडा तर पिक्सारच्या प्रसंगानें सर्वांनाच शिकविला.

येथपर्यंतची विद्या विद्यापीठें आणि मोठ्या प्रयोगशाळा यांच्या भिंतींआड होती. युनिक्सची मालकी अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीची असे, आणि सामान्य विद्यार्थ्यास तें घरीं मिळणें कठीण असे. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं सर्वांस वापरतां, वाचतां आणि सुधारतां येईल अशी व्यवस्था नव्यानें लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. तिचें नांव 'ग्नू'. तिच्यासाठीं ब्रायन फॉक्स यांनीं १९८९ सालीं बोर्न यांच्या धर्तीवर नवा शेल लिहिला. त्याला 'बॅश' म्हणतात. दोन वर्षांनीं हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपल्या नव्या 'लिनक्स'ची वार्ता जगास कळविली, तेव्हां त्याच्यावर चालूं लागलेल्या पहिल्या प्रोग्रॅमांत बॅश होता. त्या दिवसापासून साधें यंत्र जवळ असलेल्या कोणाही मुलाला ही विद्या फुकट खुली झाली.

खुलेपणानें दोष आपोआप जात नाहींत, हेंही पुढें दिसलें. सप्टेंबर २०१४ मध्यें बॅशमधील एक मोठें व्यंग उघडकीस आलें. त्याला 'शेलशॉक' म्हणतात. बाहेरून येणाऱ्या मजकुरांत लपवून धाडलेली आज्ञा बॅश मुकाट्यानें पाळी. हें व्यंग १९८९ पासून, म्हणजे २५ वर्षें, तेथें होतें. सर्वांना पाहतां येणें आणि कोणीतरी प्रत्यक्ष पाहणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

चित्रांच्या युगांत आज्ञेची ओळ नाहींशी होईल असें पुष्कळांस वाटत होतें. परंतु ज्या मायक्रोसॉफ्ट कंपनीनें खिडक्यांचें युग घरोघर नेलें, तिलाच २००६ सालीं 'पॉवरशेल' नांवाचा नवा शेल काढावा लागला. नोव्हेंबर २०१७ पासून तर जगांतील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादींत लिनक्सवांचून चालणारें एकही यंत्र राहिलेलें नाहीं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेंतील 'परम सिद्धि-ए. आय.' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या यादींत ६३ व्या क्रमांकावर होता. अशा यंत्रापुढें बसून कोणी चित्रें दाबीत नाहीं. संशोधक आपलें काम एका स्क्रिप्टमध्यें लिहितो, तें दुरून रांगेंत लावतो आणि पाळी आल्यावर यंत्र तें वाचून करतें. चित्रावर बोट ठेवणें एका कामास पुरतें. तेंच काम हजार वेळां करावयाचें असेल, किंवा काल काय केलें तें दुसऱ्यास दाखवावयाचें असेल, तर लिहिलेला शब्दच लागतो.

मराठी भाषकांचा या इतिहासाशीं आणखी एक धागा जुळलेला आहे. युनिक्सच्या आज्ञा आरंभीं रोमन अक्षरांपुरत्याच जाणत्या होत्या. सप्टेंबर १९९२ मध्यें टॉम्सन आणि त्यांचे सहकारी रॉब पाइक हे न्यू जर्सींतील एका उपाहारगृहांत बसले असतां टॉम्सन यांनीं टेबलावरील कागदी आसनावर एक नवी संकेतपद्धति आंखली. जगांतील सर्व लिप्या तिच्यांत मावतील आणि जुने प्रोग्रॅमही बिघडणार नाहींत, अशी ती होती. तीच आजची 'यू. टी. एफ्.-८'. तिच्यामुळेंच देवनागरी मजकूर पाइपमधून सुखरूप वाहतो. 'मराठी' हा शब्द वाचणारास तीन अक्षरांचा दिसतो. संगणक मात्र काना आणि वेलांटी वेगळे धरून पांच चिन्हें मोजतो, आणि प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागत असल्यामुळें त्याची लांबी १५ बाइट भरते. मोजणारी 'डब्ल्यू-सी' ही आज्ञा यांपैकीं काय मोजते आहे हें ज्यानें तपासलें नाहीं, त्याचा मराठी शब्दांचा हिशेब चुकलाच म्हणून समजावें.

मग या विद्येंत निष्णात कोणाला म्हणावें? शेंकडों आज्ञा ज्याला तोंडपाठ आहेत तो निष्णात, असें वरवर वाटतें. इतिहास तसें सांगत नाहीं. पूझां, मॅकिलरॉय, बोर्न, फॉक्स यांपैकीं प्रत्येकानें जें केलें तें आपल्यामागून येणाराच्या हातीं पडलें. चांगली स्क्रिप्टही अशीच असते. तिच्यांतील नांवें अर्थपूर्ण असतात, जेथें धोका आहे तेथें दोन शब्दांची टीप असते, काम बिघडलें तर ती थांबते आणि कां थांबली तें सांगते. सहा महिन्यांनीं दुसऱ्यानें, किंवा लिहिणारानें स्वतःच, ती उघडली तर ती त्याला वाचतां येते.

नवशिक्यानें आरंभीं एवढेंच करावें. रोज एक लहान खरें काम चित्रांवांचून करून पाहावें. फाइलींची नांवें बदलावीं, जुन्या हिशेबांतून एक नांव शोधावें, एखाद्या लेखांतील शब्द मोजावे. पुसण्याच्या आज्ञेला हात लावण्यापूर्वीं एक प्रत बाजूस ठेवावी. आणि ज्या दिवशीं एकच ओळ तिसऱ्यांदां लिहिण्याची वेळ येईल, त्या दिवशीं ती फाइलींत उतरवून तिला एक नांव द्यावें.